पुलापलीकडची जागा

आमच्या अव्वानं, म्हणजे आईनं, आयुष्यात फार काही मागितलं नाही. जे एक मागितलं ते नेमकं ओढ्यापलीकडं होतं. मेल्यावर अप्पांच्या, आमच्या वडिलांच्या, शेजारी बसायचं, एवढंच तिचं मागणं. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत, आडवंही पुरत नाहीत. हातात इष्टलिंग देतात, मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच मातीत देतात. आमच्या घराण्याची जागा मानवतच्या बाहेर, जुन्या जिनिंगच्या मागं, ओढा ओलांडला की लागणाऱ्या मुरमाच्या टेकाडावर. पणजोबा तिथं, आजोबा तिथं, काही वर्षांपूर्वी अप्पाही तिथंच गेले. टेकाड म्हणजे जरा मोठा ओटाच म्हणा. अप्पांच्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा उरली होती, तिच्यापुढं खडक आणि खाली पाणी धरणारी काळी माती. ती जागा अव्वाची, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

पाठ नसून सांगता कुणाला? लेकीच्या गावाला जायच्या गोष्टी कराव्यात तशा अव्वा मरणाच्या गोष्टी करायची. "मला हिरवं इरकल नेसवा. अन् त्या इरेशला सांग, मला न्यायच्या विमानाला झेंडूची फुलं नको, लय उग्र वास येतो." विरेश म्हणजे माझा धाकटा भाऊ, त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. मी ईश्वरी, थोरली. शाळेत बाई होते, नवरा गेल्यावर माहेरी आले, आता निवृत्त आहे. माझी जीभ तिखट आहे असं विरेश म्हणतो, आणि त्यात खोटं काही नाही.

तर त्या ओढ्यावर आमचा छपराचा पूल होता. मूळचा तो आमचा नव्हेच. निजामाच्या राज्यात सोनपेठकडं, गोदावरीला मिळणाऱ्या एका नाल्यावर तो उभा केलेला. तिथं दगडी पूल झाला आणि याचे सागवानी खांब नि लोखंडी तुळया माळावर पडून राहिल्या. पणजोबांना तेव्हा जिनिंग काढायचं वेड लागलं होतं. त्यांनी तो सगळा पसारा विकत घेतला, बैलगाड्यांवर लादून मानवतला आणला आणि ओढ्यावर पुन्हा जोडला. कापसाची गोदामं पलीकडं होती, सरकी काढायची यंत्रं अलीकडं. मधल्या वाटेवर कापूस भिजला की सगळं मुसळ केरात, म्हणून पुलाला वर पत्र्याचं छप्पर आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या फळ्या.

छप्पर किती उंच घ्यायचं यावरून म्हणे पणजोबांचं आणि सुताराचं वाजलं. डोक्यावर कापसाचं बोचकं घेतलेली बाई मावेल एवढं पुरे, असं सुताराचं म्हणणं. पणजोबांनी विमान आणवलं. मयत बसवून ज्या मखरातून नेतात त्याला आमच्यात विमान म्हणतात. त्यात एक जिवंत गडी बसवला, चौघांच्या खांद्यावर दिला आणि त्याच्या डोक्यावर वीतभर सोडून सुताराला तुळई दाखवली. त्या गड्याला पुढं लवकर कुणी पोरगी देईना, असंही आमच्याकडं हसत सांगायचे. पण त्या हिशेबानं आमची सगळी माणसं त्या पुलावरून डोकं ताठ ठेवून गेली. अप्पासुद्धा.

जिनिंग चालू होतं तेव्हा कामाच्या बाया दुपारी पुलातच भाकरी सोडायच्या, तुळयांना लेकरांच्या झोळ्या टांगायच्या. पलीकडं धनगरांची वस्ती, धोंडीबाची आणि त्याच्या भावाबंदांची. त्यांची मेंढरं सकाळी पुलावरून अलीकडं यायची, तेव्हा फळ्यांवर खुरांचा असा आवाज व्हायचा की आम्हाला वेगळं उठवावं लागत नसे. धोंडीबाची बायको नर्मदाबाई रोज शेळीच्या दुधाचा तांब्या घेऊन अव्वाकडं यायची. तांब्या निमित्ताला. दोघी ओसरीवर बसून अख्ख्या गावाची उणीदुणी काढायच्या. नर्मदाबाई उंच, हाडापेराची, आणि अव्वा एवढीशी. "तुझ्यासारखीला बघून तुळई घातली असती तर छप्पर आभाळाला लागलं असतं," अव्वा म्हणायची. नर्मदाबाई पदर तोंडाला लावून हसायची.

मग जिनिंग बंद पडलं. यंत्रं भंगारात गेली, धुराडं एका वादळात पडलं, अंगणात वेड्या बाभळी माजल्या. राहिला फक्त पूल, आणि त्यावरून येणारी-जाणारी वस्ती.

तात्याराव आला तो दोन वर्षांमागं. पाथरी रस्त्याला त्याचं लग्नाचं लॉन आहे. झुंबरं होती, कारंजं होतं, घोडा होता. आता त्याला काहीतरी जुनं पाहिजे होतं, नवरा-नवरीनं फोटो काढायला. छपराचा पूल बघून त्याचे डोळे चमकले. विरेशला म्हणाला, लाकूड खाली वाळवीनं खाल्लंय, एखाद्यावर कोसळला तर तुम्ही तुरुंगात जाल. मी हा नेतो आणि इथं तुम्हाला नळ्या टाकून सिमेंटचा पूल बांधून देतो, पाऊस लागायच्या आत. विरेशला ते पटलं. त्याला कुणाचंही पटतं, तो स्वभावच आहे त्याचा. वाळवी होती हेही खरं.

मालमत्ता अप्पांच्या मागं अव्वाच्या नावावर, तेव्हा सही तिची लागणार होती. तात्याराव ओसरीवर बसला, चहा प्यायला, अव्वाच्या पाया पडला. अव्वानं त्याला एकच विचारलं.

"मला पलीकडं नेता यील न्हवं?"

"मालकीणबाई, विमान कशाला खांद्यावर, मोटारीतनं नेऊ तुमाला," तात्याराव म्हणाला.

अव्वाला ते आवडलं नाही, मोटारीचं. पण तिनं सही केली.

तात्यारावाची माणसं आली, प्रत्येक फळीवर आणि तुळईवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले आणि पूल उतरवायला लागली. धोंडीबा काठावर येऊन उभा राहिला. 

"इरेशआप्पा, आमी कुठून जायचं?"

"दोन महिन्यात सिमेंटचा व्हायलाय, धोंडीबा. फिकीर करू नको."

"मेंढराचं जाऊ द्या. माणसाचं म्हणतो मी."

"अरे व्हायलाय म्हणलं की."

पुढं एका लग्नाला मी त्या लॉनवर गेले. आमचा पूल निळ्या रंगाच्या सिमेंटच्या हौदावर उभा होता, हौदात घोटाभर पाणी. छपराच्या आतून गुलाबी कापड लावलेलं आणि बाहेर पाटी, 'राणीचा पूल'. कोणती राणी, ते तात्यारावाला माहीत. आमच्या पुलावरून शेळ्या गेल्या, कापूस गेला आणि आमची मेलेली माणसं गेली. नवरी लाजत कठड्याला टेकली होती आणि फोटोवाला तिला मान वाकडी कर म्हणत होता. मला जेवण गेलं नाही. तात्यारावाला गाठून नळ्यांचं विचारलं, तर म्हणाला, "बाई, झालंच समजा."

नळ्या आल्या होत्या, तेही खोटं नव्हे. काठावर येऊन पडल्या आणि ठेकेदार जो गेला तो गेलाच. उन्हाळ्यात ओढा कोरडा, माणसं पात्रातून ये-जा करायची, मग कुणालाच घाई राहिली नाही. पहिला पावसाळा असातसाच गेला, गुडघ्याच्या वर पाणी आलं नाही. विरेश म्हणायला लागला, बघ, उगाच ओरडत होतीस.

दुसऱ्या वर्षी भाद्रपदात अव्वानं अन्न सोडलं. ताप येऊन गेला होता, त्यानंतर ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. तिनं आम्हा दोघांना जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, आता दागिने कुणाला ते सांगणार.

"पूल न्हाई," ती म्हणाली. "उद्या पाणी चढलं अन् मी गेले, तर तुमी मला गावातल्या जागेत नेऊन टाकताल. आताच खड्डा खणून ठेवा. खड्डा तयार असला म्हणजे तुमाला मला न्यावंच लागंल."

जिवंतपणी खड्डा खणणं आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. खड्डा मेलेल्या माणसाच्या पावलांनी मोजतात, मेल्यावरच. मठातले स्वामी आले आणि त्यांनी कानावर हात ठेवले. म्हणाले, मोकळा खड्डा ठेवू नये, अशुभ असतं. अव्वानं त्यांना ओल्या डोळ्यांनी, पण चांगलंच सुनावलं. पूल दिला तेव्हा कुठली रीत पाळली होती, आता रीत सांगायलेत. शेवटी विरेशनं सुतळीनं तिच्या पावलाचं माप घेतलं. एवढंसं पाऊल, लेकराचं वाटावं असं. ती सुतळी हातात धरून तो परसात जाऊन रडला, हे मी पाहिलं. मी त्याला उगी केलं नाही.

धोंडीबानं आणि त्याच्या लेकानं, शिवशंकरनं, टेकाडावर खड्डा खणला. आत बसवायचा कोनाडा कोरला, वर पत्रे टाकले, पत्र्यांवर दगड ठेवले. नर्मदाबाई गुडघाभर पाण्यातून अव्वाला भेटायला आली.

"मालकीणबाई, जागा चांगली झाली. कोरडी हाय. मी सवता सारवली."

"तू कशाला सारवलीस गं?"

"मग काय तसंच बसवू तुमाला?"

अव्वानं तिचा हात धरून ठेवला. संध्याकाळी पाऊस आला म्हणून नर्मदाबाई घाईनं निघाली, तांब्या इथंच विसरून.

पुढं जो पाऊस लागला तो थांबेना. ओढा दोन्ही काठ सोडून वाहू लागला, मागं जिनिंगच्या आवारापर्यंत पाणी आलं. आणि इकडं काय व्हावं? अव्वाला भूक लागली. आधी पेज मागितली, मग ज्वारीच्या कण्या, मग चक्क लसणाची चटणी. खड्डा तयार झाला म्हणून तिचा जीव निवांत झाला असावा. ती भिंतीला टेकून बसायला लागली. आम्ही हसलो. बऱ्याच दिवसांनी घरात हसू आलं होतं.

त्यानंतरच्याच एका सकाळी धोंडीबाचा फोन आला. मेंढरांच्या वाडग्यात पाणी शिरलं म्हणून नर्मदाबाई कोकरं उचलून वर ठेवत होती. पाण्यानं बाहेर काढलेला साप तिथंच होता. हाताला चावला.

मी आणि विरेश ओढ्याकडं धावलो. मागोमाग अर्धं गाव. पलीकडच्या काठावर त्यांनी तिला बाजेवर आणून ठेवली होती. ती उठून बसलेली होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. दंडाला फडकं बांधलेलं, पदर नीट घेतलेला. तिनं आमच्याकडं बघून हातही वर केला. दवाखान्याची गाडी बोलावली होती, ती लगेच आली आणि आमच्या काठाला, चिखलात उभी राहिली. सापाच्या विषावरचं औषध दवाखान्यात होतं, दवाखाना जवळ होता, गाडी समोर होती. मध्ये ओढा होता.

पलीकडून दुसरी वाट म्हणजे पुढच्या गावाला वळसा, आणि ती काळ्या मातीची. शिवशंकर ट्रॅक्टर काढून गेला, तो पहिल्याच नाल्याशी रुतला. तहसिलात फोन केले, बोट नदीकाठच्या गावांत पुरात गुंतलेली. पोरांनी दोर फेकला, पोहोचला नाही. शिवशंकर परत येऊन ट्यूब घेऊन पाण्यात उतरला, पाण्यानं त्याला उचलून खालच्या बाभळीवर आपटलं, तिथून त्याला चौघांनी ओढून काढला. विरेश तात्यारावाला फोन लावत होता. कशाला लावत होता देव जाणे, तो काय पूल उचलून आणणार होता? फोन लागला तेव्हा मागं कुणाच्या तरी वाढदिवसाचा बँड वाजत होता.

नर्मदाबाई आधी बाजेवर टेकली, मग आडवी झाली. धोंडीबा तिला हाका मारत होता. पाण्याच्या आवाजात आम्हाला हाका ऐकू येत नव्हत्या, त्याचं तोंड हलताना फक्त दिसत होतं. गाडीतले लोक चिखलात उभे राहून फोनवर त्याला सांगत होते, तिला जागी ठेवा, हात हलवू देऊ नका. दुपार कलायच्या सुमाराला धोंडीबानं डोक्याचा फेटा काढला आणि तिच्या तोंडावर टाकला. गाडी थोडा वेळ थांबली आणि परत गेली.

मग माझा फोन वाजला. धोंडीबाच होता. तो पलीकडं उभा, मी अलीकडं, दोघांच्या कानाला फोन. त्याचे ओठ आधी हलावेत आणि आवाज नंतर कानात यावा, असं काहीतरी विचित्र होत होतं.

"अक्का, आमच्या मसणाच्या जागेत कमरेएवढं पाणी हाय. जाळायला लाकूड न्हाई. वाडग्यातबी चिखल. तिला ठेवावं कुठं?"

तो काय विचारणार ते मला कळलं होतं.

"कोरडी जागा तेवढीच हाय. मालकीणबाईची."

विरेशनं माझ्या हातातून फोन घेतला. "धोंडीबा, उद्यापर्यंत थांब. पाणी उतरंल."

"सापाचं हाय, इरेशआप्पा. आताच फुगायलीय ती."

मी फोन परत घेतला, अव्वाला विचारून सांगते म्हणाले आणि घरी आले. काय म्हणू तिला? तुझी एकच जागा, तीही दे?

अव्वा ओसरीच्या भिंतीला टेकून बसली होती. बातमी तिला आधीच लागली होती. तिच्यासमोर नर्मदाबाईचा तांब्या घासूनपुसून ठेवलेला होता. मी धोंडीबाचं म्हणणं सांगितलं. शक्य तेवढं सरळ सांगितलं.

"अव्वा, दुसरी जागा तिथं निघणार नाही. पुढं खडक आहे. तू नाही म्हणालीस तरी कुणी तुला बोल लावणार नाही."

"फोन लाव," ती म्हणाली.

मी लावून दिला. तिला फोन धरता येत नव्हता, मीच तिच्या कानाला धरला.

"धोंडीबा, भागम्मा बोलायलेय. जागा घे."

पलीकडून रडणं ऐकू आलं. "मालकीणबाई, ती तुमची..."

"माझी व्हती, आता तिची हाय. ऐक. खड्डा माझ्या पावलांचा हाय, तिला आखूड पडंल. आडवं ठेवायला जाऊ नको, पाय मुडपून बसव. कोनाड्यात डोकं लागलं तर वरची माती काढ. तिचं डोकं वाकवू नको."

"न्हाई वाकवत."

"अन् आमचा सोमी न्हाई, मंतर न्हाई. तुमचं जे असंल ते म्हणा. अप्पा काई बोलायचे न्हाईत."

फोन बंद झाला. विरेश एव्हाना येऊन दारात उभा होता, चिखलानं माखलेला. तो लहान पोरासारखा तिच्या पायाशी बसला.

"अव्वा, मग तू कुठं?"

अव्वानं त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं, ती त्याला शिव्या देणार. मला वाटत होतं, द्याव्यात.

"पुलावर सही कुणाची हाय, इरेश?"

"तुझी. पण मीच म्हणलो होतो ना सही कर म्हणून."

"तू म्हणलास. सही माझी हाय. तात्याराव हितं, तुझ्याच जागेवर बसला व्हता. म्या त्याला एकच इचारलं, मेल्यावर मला पलीकडं कसं न्यायचं. नर्मदीनं जित्तेपणी अलीकडं कसं यायचं, ते माझ्या डोस्क्यातबी आलं न्हाई. ती रोज यायची की रं हितं. रोज यायची."

विरेशनं तोंड झाकून घेतलं. मीही तोंड फिरवलं. ते आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. ते विचारायला धोंडीबाला काठावर येऊन उभं राहावं लागलं होतं, आणि तोवर फळ्या निघाल्या होत्या.

अंधार पडायच्या आत धोंडीबाचा फोन आला, झालं म्हणून. अप्पांच्या उजव्या हाताला, नीट बसली, डोकं वाकवावं लागलं नाही.

पाणी उतरल्यावर आम्ही अव्वाला खुर्चीत बसवून पात्रातून पलीकडं नेलं. तिनं अप्पांवर बेल वाहिला आणि शेजारच्या ओल्या मातीवर हात ठेवून बसली. विरेश म्हणाला, पुढचा खडक फोडून तुझ्यासाठी जागा करतो, यंत्र आणतो. अव्वानं मान हलवली. हो म्हणाली की नको म्हणाली, आम्हाला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची आमची हिंमत झाली नाही.

सिमेंटचा पूल अजून झालेला नाही. वस्तीवरची माणसं पात्रातूनच येतात. अव्वाही आहे. दोन वेळा जेवते, सकाळी उन्हाला बसते, शेळीचं दूध मात्र घेत नाही. हिरव्या इरकलाचं, झेंडूच्या फुलांचं, अप्पांच्या शेजारच्या जागेचं ती आता कधीच बोलत नाही. परवा स्वामी आले होते. त्यांनी हळूच विचारलं, आता तुमची इच्छा काय. अव्वा म्हणाली, "मला कुठंबी टाका," आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला मला आत पाठवलं.